रथाच्या वाटेने जुनं जळगाव: घरच्यांना घेऊन रविवारची पायी फेरी

रविवारी सकाळी जळगावात "कुठे जायचं?" असा विषय निघाला की उत्तरं ठरलेली. मेहरूणचा तलाव, भाऊंचं उद्यान, फारच उत्साह असेल तर गाडी काढून पद्मालय. शहरातच पायी फिरू, असं कोणी म्हणालं तर बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. त्यांचंही चुकत नाही. फूटपाथ असला तर त्यावर हातगाडी, नसला तर पाठीमागे मोटरसायकलचा हॉर्न, आणि उन्हाळ्यात असं ऊन की घराबाहेर पाय टाकायची सोय नाही.

तरी जुन्या जळगावात पायी फिरण्याजोगी एक वाट आहे, आणि ती आपल्याला शोधावी लागत नाही. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ जिथून निघतो, गावातून फिरतो आणि परत येतो, ती वाट. संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये हा रथोत्सव सुरू केला. गावातल्या बहुतेकांनी ही वाट बघितली आहे ती रथाच्या गर्दीत, लेकरू खांद्यावर घेऊन, पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नसताना. ती रिकामी असताना बघणारे थोडे.

घरच्यांसोबत चालायला ही वाट बरी पडते, त्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. जिथून निघालो तिथेच परत येतो, म्हणजे गाडी किंवा रिक्षा कुठे लावायची हा घोळ नाही. रथ वळू शकतो अशाच रस्त्यांनी ती जाते, त्यामुळे अगदी अंगावर येणारे बोळ कमी. सुभाष चौक या वाटेवर दोनदा लागतो, म्हणून दमलेल्या माणसाला मध्येच सुटता येतं. आणि मुख्य म्हणजे रथाला घाई नसते. तो थांबतो, पुढे जातो, पुन्हा थांबतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की आपली चालही तशीच हवी. बाकी सगळं नियोजन त्या थांब्यांभोवती करायचं.

आधी वेळ

खानदेशात पायी फिरायचं तर पहिला प्रश्न सूर्याला विचारायचा. डिसेंबर-जानेवारीत जळगावला सूर्योदय सातच्या सुमारास होतो. सकाळी चांगलाच गारठा असतो, म्हणून साडेसातला निघायला हरकत नाही. दहापर्यंत ऊन अंगाला गोड लागतं. माझ्या मते या फेरीसाठी दिवाळीनंतरचे तीन महिने सगळ्यात उत्तम.

फेब्रुवारी सरला की वेळ मागे सरकवत न्यायची. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. सहाला पाऊल बाहेर पडलं नाही तर त्या दिवशी फेरी नको. आठच्या आत घरी परत यायचं. "मग संध्याकाळी जाऊ" असं कोणीतरी म्हणतंच. पण मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती त्यानंतरही बराच वेळ झळा सोडत राहतात. जुन्या गल्ल्यांमध्ये वारा फिरत नाही, तिथे हे जास्तच जाणवतं. उन्हाळ्यात संध्याकाळी फिरायचंच असेल तर उघड्यावर जा, गल्लीबोळात नको.

पावसाळ्यात खोदकाम आणि चिखल यांचा अंदाज आदल्या दिवशी घ्यावा. जुन्या गावातल्या ओळखीच्या कोणाला तरी फोन करून "रस्ता कसा आहे हो?" एवढं विचारलं की काम होतं.

रविवारच का? पेठांमध्ये मालाच्या गाड्या आणि हातगाड्यांची ये-जा त्या दिवशी कमी असते, आणि सकाळी लवकर गेलं तर शटर खाली असतात. घराचा वरचा मजला, लाकडी सज्जा, जुनी पाटी हे सगळं दुकानं उघडी असताना दिसतच नाही, कारण आपली नजर मालावर असते. खरेदीही करायची असेल तर मात्र आधी विचारून घ्या. सुटीचा वार पेठेपेठेत आणि धंद्याधंद्यात वेगळा असतो.

सगळ्यात हळू कोण चालतं?

फेरी ठरवताना हे नाव आधी घ्यायचं. ती आजी असेल, गुडघे दुखणारे काका असतील, नाहीतर चार वर्षांचा नातू. बाकीच्यांनी त्या माणसाच्या चालीने चालायचं, एवढाच नियम. घरात एक तरी असा असतो जो पन्नास पावलं पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून वाट बघतो. त्याच्याकडे पाण्याची पिशवी द्या. पाणी मागायला सगळे हाक मारतात, तो आपोआप मागे येतो.

तान्ह्या मुलाची ढकलगाडी घरीच ठेवा. उंचवटे, गटारीवरच्या फरश्या आणि खड्डे यांत ती चालत नाही, उचलूनच न्यावी लागते. ओढणीने किंवा पट्ट्याच्या झोळीने अंगाशी बांधलेलं मूल बरं. तीन ते सहा वर्षांची मुलं चालतात, पण त्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी काम लागतं. ते पुढे देतो.

आजी-आजोबांना बसायला जागा लागते. जुन्या जळगावात ओट्यांची घरं अजून आहेत. ओट्यावर बसायला कोणी ना म्हणत नाही, फक्त आधी दाराकडे बघून "जरा टेकू का, ताई?" म्हणावं. बहुतेक वेळा आतून पाण्याचा तांब्या येतो आणि मागोमाग "कुठले तुम्ही?" हा प्रश्न. तिथून पुढे आजी आणि घरातली बाई नात्यांचा शोध लावू लागतात. खानदेशात दोन माणसांमध्ये एखादं सोयरं निघत नाही असं सहसा होत नाही. या थांब्याला वीस मिनिटं जातील असं धरूनच चला.

पिशवीत काय घ्यायचं

थोडंच. माणशी किमान अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी. डोक्याला बांधायला पंचा किंवा स्कार्फ. मुलांसाठी केळी, कारण ती या जिल्ह्यात कुठेही मिळतात आणि हात खराब करत नाहीत. आजीच्या गोळ्या. सुटे पैसे. साल आणि कागद टाकायला एक रिकामी पिशवी. पायात जुनी, सवयीची चप्पल किंवा बूट. देवळात दोन-तीनदा काढावे लागणार, म्हणून नाडीचे बूट टाळलेले बरे.

स्वच्छतागृहाचा विषय लोक संकोचाने टाळतात आणि मग फेरी अर्ध्यात सुटते. तो घरातच उघड बोला. या वाटेवर बायकांना सोयीची जागा हमखास मिळेल असं धरू नका. निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं, फेरी दोन-अडीच तासांपेक्षा लांबवायची नाही, आणि मधल्या सुटीला म्हणून सुभाष चौकातून टॉवर चौकाकडे जाऊन एखाद्या नीटनेटक्या हॉटेलात चहा घ्यायचा. चहाचं निमित्त, दुसरं काही नाही.

पोचायचं कसं

भुसावळहून जळगाव पंचवीसेक किलोमीटर, रेल्वेने सोपं. पाचोरा-चाळीसगावकडच्यांना मुख्य मार्गाने, अमळनेर-धरणगावकडच्यांना सुरत मार्गाने येता येतं. स्टेशनातून बाहेर पडलात की नेहरू चौक आणि टॉवर चौक पायी गाठता येतो. पण पायांची ताकद इथे खर्च करू नका. जुन्या गावातल्या राम मंदिरापर्यंत रिक्षा करा, भाडं बसण्याआधी ठरवा.

स्वतःची चारचाकी असेल तर ती जुन्या गावात घालू नका. टॉवर चौक किंवा फुले मार्केटच्या बाजूला जिथे रीतसर जागा मिळेल तिथे ठेवा आणि पुढे रिक्षाने जा. गल्लीत गाडी घातली की समोरून दुसरी येते आणि मग अर्धी गल्ली तुम्हाला मागे कशी घ्यायची ते शिकवते.

राम मंदिर ते रथ चौक

सुरुवात जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिरापासून. दर्शन घ्या, सभामंडपात पाच मिनिटं बसा. मुलांना रथाची गोष्ट इथेच सांगायची, कारण पुढची सगळी फेरी त्यावर चालते.

गोष्ट अशी. एवढा मोठा रथ माणसं दोरांनी ओढतात. ओढणं हे निम्मंच काम. खरं कसब तो थांबवण्यात आणि वळवण्यात आहे, कारण रथाला स्टिअरिंग नाही आणि ब्रेक नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी लावून तो थांबवतात, आणि मोगरी लावूनच वळवतात. फिरत्या चाकाजवळ वाकून बरोबर क्षणी ती सरकवणं हे ज्याच्या त्याच्या हातचं काम नव्हे. मोगरी लावणाऱ्यांना रथाच्या दिवशी गावात मान असतो.

आता मुलांचं काम: वाटेत प्रत्येक वळणावर थांबायचं आणि मोगरी कुठल्या चाकाखाली, कुठे लावावी लागेल ते सांगायचं. उतार कुठे आहे, रस्ता कुठे अरुंद होतो, वरून वायर कुठे आडवी जाते, हे ती आपोआप बघू लागतात. मोठी माणसंही यात ओढली जातात. डावं चाक की उजवं, यावरून दोन काकांची जुंपलेली मी पाहिली आहे आणि दोघांनाही घरी लवकर जायचं होतं.

मंदिराजवळच चौधरी वाडा. बहिणाबाई चौधरी लग्न होऊन आल्या त्या या घरी. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत आणि मुलगा सोपानदेव व एका नातलगाने ती लिहून ठेवली म्हणून आज आपल्याकडे आहेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या जळगावातच गेल्या. वाड्यात त्यांच्या नावाचं स्मृती संग्रहालय आहे, घरातली आणि शेतातली रोजच्या वापरातली साधनं तिथे जपलेली आहेत. रविवारी उघडं आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. बंद असेल तरी वाडा बाहेरून बघण्यात दहा मिनिटं सहज जातात.

आत गेलात तर आजीला पुढे करा. ही माझी अगदी आग्रहाची सूचना आहे. घरातल्या बाकीच्यांना या वस्तू संग्रहालयातल्या वाटतात, आजीला त्या स्वयंपाकघरातल्या वाटतात. जातं कसं मांडायचं, खुंटा कसा ठोकायचा, दळताना एकीने ओढायचं आणि दुसरीने ढकलायचं म्हणजे काय, हे तिच्याकडून ऐका. शाळेत बहिणाबाईंची कविता पाठ केलेल्या नातवंडांना हे ऐकायला मिळावं म्हणून ही सगळी फेरी काढली तरी चालेल. घाई करू नका. मागून "चला, उशीर होतोय" म्हणणाऱ्याला ओट्यावर बसवून ठेवा.

पुढे तेली चौक, मंदिरामागची गल्ली आणि मग रथ चौक. चौकाला नाव रथावरूनच. इथे वर बघत चाला. काही घरांचे लाकडी खांब आणि कोरीव काम टिकून आहे, काहींच्या जागी सिमेंटचे चार मजले आले आहेत. मुलांना सांगा, लाकडी सज्जा दिसला की एक बोट दुमडायचं. दोन्ही हात पुरतात का बघा.

बोहरा गल्ली आणि सुभाष चौक

रथ चौकातून बोहरा गल्लीने सुभाष चौकाकडे. गल्लीत घरं आहेत, माणसं राहतात. बायका-मुलं दारात असतील तर फोटो विचारल्याशिवाय काढू नका. हे फक्त याच गल्लीला लागू आहे असं नाही, पण मोबाइल हातात आला की भल्याभल्यांना याचा विसर पडतो.

सुभाष चौकात पोचलात की फेरीचा पहिला भाग झाला. इथे थांबून सगळ्यांचे चेहरे बघा. आजीने "आते कितलं दूर शे रे भाऊ?" असं विचारलं असेल तर उत्तर "आलंच आता" हे नाही. हे उत्तर आपण सगळेच देतो आणि त्यावर कोणाचा विश्वास नसतो. तिच्यासाठी इथून रिक्षा करा, एक मोठं माणूस बरोबर द्या आणि त्यांना सरळ नाश्त्याच्या ठिकाणी पाठवा. उरलेल्यांनी पुढे जायचं. चौक परत लागणार आहे, त्यामुळे चहाच्या गाडीशी बसून राहायचं असेल तर तेही जमतं.

दाणा बाजार

रथ इथून दाणा बाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक, गांधी मार्केट असा फिरून पुन्हा सुभाष चौकात येतो. पाय दुखत असतील तर हा वळसा गाळा. पण दाणा बाजार तरी बघावा असं माझं मत. कामाच्या दिवशी पोती, हमाल आणि हातगाड्या यांतून मुलांना नेणं अवघड, रविवारी सकाळी ते जमतं. दुकानं बंद असली तरी वास उघडे असतात. मिरचीच्या दुकानापुढून जाताना दम्याचा त्रास असलेल्यांनी नाकाला रुमाल लावावा.

एखादं दुकान उघडं सापडलं तर कळण्याच्या भाकरीच्या पिठाचं सामान घेऊन टाका, ज्वारी आणि अख्खे काळे उडीद. प्रमाण घरोघरचं वेगळं असतं, तेव्हा दुकानदाराला न विचारता घरच्या बाईला फोन करा.

सराफ बाजार ते भिलपुरा

सुभाष चौकातून आता सराफ बाजार. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते या बाजारामुळे. दुकानं बंद असताना इथे यायचा मोठा फायदा म्हणजे कोणाला काही घ्यावंसं वाटत नाही. मुलांना सांगण्याजोगी गोष्ट झारेकऱ्यांची: सोनारांच्या दुकानापुढची माती झाडून न्यायची, धुऊन, गाळून तिच्यातले सोन्याचे बारीक कण वेगळे काढायचे, हाच ज्यांचा धंदा त्यांना झारेकरी म्हणतात. हे ऐकल्यावर पोरं चपला झटकून बघतात.

पुढे भवानी मंदिर, मग मरिमातेचं मंदिर. दोन्हीकडे हात जोडून पुढे व्हा, थांबा लांबवू नका, कारण पुढचा थांबा जास्त महत्त्वाचा आहे.

भिलपुऱ्यात लालशा बाबांची समाधी आहे. रथ इथे आला की थांबतो आणि समाधीवर चादर चढवली जाते. रामाच्या रथाची ही रीत आहे, आणि ती कोणी सभेत ठराव करून सुरू केलेली नाही. घरातली मुलं "असं का?" विचारतील. ज्याला जसं सांगता येईल तसं सांगावं, पण सांगावं. डोकं रुमालाने झाकून, चपला काढून, शांतपणे दर्शन घ्या.

इथून दधीची चौकावरून परत रथ चौक. न थांबता चालणाऱ्याला ही पूर्ण फेरी लवकर उरकता येईल. वर सांगितलेले थांबे घेत चाललात तर दोन तास, आजीला सोयरे सापडले तर अडीच.

आता खाणं

निघण्यापूर्वी पोटभर खाऊ नका आणि उपाशीही निघू नका. चहा आणि दोन टोस्ट पुरे. फेरी संपल्यावर वरून शेव टाकलेले गरम पोहे, कचोरी, जिलेबी. गाडीवर खाताना तेल कसं दिसतं आणि पाणी कुठून घेतात एवढं बघा, बाकी चिकित्सा नको. मुलांना गाडीवरचं पाणी देऊ नका, बाटलीतलं द्या.

दुपारचं जेवण बाहेर करायचं की घरी, हा हिवाळ्यात प्रश्नच नाही. हिवाळा म्हणजे भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. ही वांगी मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची असतात आणि त्यांत बी कमी असतं. जांभळं वांगं घेऊन भरीत केलं तर होतं, पण खानदेशी माणूस ते खाताना बोलत नाही. घरी करायचं ठरलं तर बाजारातून वांगी, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घेऊनच परता. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवर येत नाही, पण गच्चीत चार विटा मांडून जाळ करता येतो आणि मुलांना तेवढंच हवं असतं. शेजाऱ्यांना आधी सांगा, धूर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे जातो. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुरी. तिखट मुलांसाठी वेगळं काढून ठेवा. खानदेशातला "जरासं तिखट" हा शब्द बाहेरच्या पाहुण्यांनी गंभीरपणे घ्यावा.

रथाची वाट नको असेल तर

सगळ्यांनाच जुनं गाव आवडतं असं नाही. फार लहान मूल असेल किंवा कोणी आजारातून नुकतं उठलं असेल, तर मेहरूणचा तलाव सोपा. सकाळी जा, पाण्याच्या कडेने जमेल तेवढं चाला, जिथे दमाल तिथून मागे फिरा. पूर्ण फेरी मारायचीच असा हट्ट नको. हिवाळ्यात पक्षी असतात, दुर्बीण असेल तर घ्या. जानेवारीच्या आसपास मेहरूणची बोरं बाजारात येतात. ती आकाराने फार मोठी नसतात, पण गोडीला त्यांच्यासारखी नाहीत. विकणाऱ्या बाईकडून घेताना एक चाखून घ्या, तिचीही हरकत नसते. मुलांना पाण्याच्या अगदी काठाला जाऊ देऊ नका आणि सेल्फीच्या नादात मोठ्यांनाही.

संध्याकाळी काव्यरत्नावली चौक आणि भाऊंचं उद्यान. चौकाचं नाव एका मासिकावरून आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावातून १८८७ पासून १९३५ पर्यंत चालवलेलं हे मासिक फक्त कवितेला वाहिलेलं होतं. रेल्वेच्या एका गावाने एवढी वर्षं निव्वळ कवितेचं मासिक चालवावं, याचं मला आजही नवल वाटतं. बालकवी इथल्याच धरणगावचे, हेही चालता चालता मुलांच्या कानावर घाला. उद्यानात बाकं आहेत, हिरवळ आहे, मुलांना पळायला जागा आहे. रविवारी संध्याकाळी गर्दी होते, म्हणून थोडं लवकर जा आणि दिवे लागले की निघा.

आणि ऊन किंवा पाऊस यांनी बेत मोडलाच, तर शिरसोली रस्त्यावर जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ. २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या स्वतः जळगावच्या. छपराखाली, सावकाश चालत दोन-तीन तास बघता येतं. आठ वर्षांखालची मुलं अर्ध्यात कंटाळतील, त्यांना बाहेरची झाडी दाखवायला कोणीतरी मोकळं ठेवा. वेळ आणि सुटीचा वार फोनवर विचारूनच निघा, कारण शहरापासून ते बाजूला आहे.

कार्तिकात आलात तर

रथाच्या दिवशी हीच फेरी या पद्धतीने करता येत नाही. त्या दिवशी गर्दीबरोबर वाहायचं असतं, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस घेऊन ते करू नये. वाटेवर कोणाचं घर असेल तर आठवडाभर आधी फोन करून गच्ची किंवा खिडकी मागून घ्या. घर नसेल तर मंदिराजवळ आणि वळणांवर थांबू नका. वळणावर रथ कधी किती सरकेल सांगता येत नाही, दोर ताणलेले असतात. सरळ रस्त्यावर, पाठीशी भिंत किंवा ओटा असेल अशी जागा धरा. मुलांच्या खिशात घरच्या दोघांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आधीच ठरवा. दागिने घरी.

त्यापेक्षा मी सुचवेन एकादशीच्या आधीचे दिवस. कार्तिक प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी रामाचं वहन, म्हणजे देवाची छोटी मिरवणूक, निघतं, ठिकठिकाणी पानसुपारी होते, गल्लीत दिवे असतात आणि गर्दी झेपणारी असते. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकी, जावई, भाचरं सगळी घरात असतात तेव्हाच हे दिवस येतात. चारच्या चहानंतर बहिणाबाईंचा वाडा बघून घ्यायचा, वहन निघायच्या वेळेला मंदिराजवळ यायचं, थोडं अंतर त्याच्या मागून चालायचं आणि सुभाष चौकातून रिक्षा करून घरी. अशा संध्याकाळी रिक्षा लगेच मिळत नाही, तेव्हा ओळखीच्या रिक्षावाल्याला आठची वेळ आणि सुभाष चौकाची जागा दुपारीच सांगून ठेवा.